ज्यांना ओळखीची गरज नाही

सासूबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि घर एकदम ओकंबोकं झालं. उभा जन्म शाळेत गाणं शिकवलेली बाई. भाजी निवडताना गुणगुणायच्या, रागवायच्या तेही सुरात. आता त्यांचं बोलणं चमच्यावर आलं होतं. स्टीलच्या पेल्यावर चमचा एकदा वाजला की हो, दोनदा वाजला की नाही, आणि वाजतच राहिला की सूनबाईने समजायचं, आपलं काहीतरी चुकतंय.

पुष्कळ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आजी, एक गाणं म्हणायला हरकत नाही. पण एकच. आधी वाफ घ्यायची. वाफेनंतर गळा मोकळा राहील तो कपातला चहा गरम राहतो तेवढाच वेळ. मग आवळेल. तेव्हा हट्ट नको."

त्याच सुमाराला वाचनालयाचं नवं सभागृह उघडायचं ठरलं, आणि उद्घाटनाला सासूबाईंनी गावं असा निरोप आला. चमचा एकदाच वाजला. पण असा, की पेला टेबलावरून खाली गेला.

सूत्रसंचालन सूनबाईकडे होतं. ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. वाचनालयाचे चिटणीस पाहुण्यांची माहिती घेऊन घरी आले. त्यांना सगळे मानपत्रकाका म्हणत. कुणी रस्त्यात नुसतं शिंकलं तरी ते त्याचा सत्कार करतील अशी त्यांची ख्याती होती.

"बाई, ओळख इंग्रजीतच करायची," काका खुर्ची ओढत म्हणाले.

"ऐकणारे सगळे आपलेच की हो काका. मग इंग्रजी कशाला?"

"आपल्या भाषेत माणूस जाऊन जाऊन कुठवर जाणार? मान्यवरापर्यंत. इंग्रजीत तो डिग्निटरी होतो! म्हणून बघा, म्हणतानाच छाती फुगते."

स्वयंपाकघरातून दोनदा चमचा वाजला.

"आईंना पटलेलं नाही," सूनबाई हसली. "आणि काका, आईंचं गाणं आधी घ्यायचं हं. गळा फार वेळ टिकत नाही त्यांचा."

"आधी ओळखी, मग गाणं. पाहुण्यांना ताटकळत ठेवून गाणं? छे छे! अहो, माणशी दोन ओळी तर आहेत. हा हा म्हणता उरकेल."

दोनच ओळी म्हटल्यावर सूनबाई कबूल झाली. आणि खोटं कशाला बोला, तिला त्या कामात गोडी लागली. शिंप्याने गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट लावून बघावा तसे ती एकेक शब्द लावून बघू लागली. दंतवैद्यांना 'रिनाउन्ड' नेमका बसला. बँकेच्या संचालकांना 'एस्टीम्ड' खांद्यात जरा सैल होत होता, पण बसून राहिले तर कळणार नव्हतं. बिल्डरना 'व्हिजनरी' दिला. त्यांच्या इमारतींची छतं गळत. पण दूरचं बघणाऱ्याने वर कधी बघायचं? महिला मंडळाच्या अध्यक्षांना 'व्हेटरन' लिहिलं, तर त्यांचा तडक फोन आला, "म्हातारी म्हणा ना सरळ! लाजता कशाला?" त्यांना मग 'एव्हरग्रीन' केलं.

राहता राहिले निवृत्त न्यायाधीश. त्यांची माहिती काकांच्या हातून रिक्षात पडली होती. त्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नाही म्हणून सूनबाईने लिहिलं, 'हू नीड्स नो इंट्रोडक्शन'. म्हणजे ज्यांना ओळखीची गरजच नाही असे.

काका वाचून खुर्चीतून उठले. "वा वा! हा तर कळस झाला!" आणि जिना उतरेपर्यंत त्यांनी तो कळस तिघांना फोनवरून दाखवला होता.

दुसऱ्या दिवसापासून घरचा फोन थांबेना.

"न्यायाधीशांना ओळखीची गरज नाही, आणि आम्हाला आहे?" दंतवैद्य म्हणाले. "अर्ध्या गावाचे दात माझ्या हातून गेलेत!"

"मलाही तेच घाला," बिल्डर म्हणाले. "आणि त्याच्याखाली माझे प्रकल्प घाला. सगळे."

"पण साहेब, ओळखीची गरज नाही म्हटल्यावर पुन्हा प्रकल्प कसे सांगायचे?"

"गरज नाही, तरी सांगायचे. मोठेपणा त्यातच आहे."

चौदा पाहुणे, चौदा निरोप. प्रत्येकाला ओळखीची गरज नव्हती, आणि प्रत्येकाची ओळख पानभर झाली होती. रात्री सूनबाई कागद लावत बसली, तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. गळ्याला मफलर, हातात पेला. कुजबुजल्या, "अगं, एवढ्या शब्दांनी माणूस झाकून जाईल. मग दिसायचा कसा?"

"आई, बोलू नका ना. गळा जपा."

"कुणासाठी जपू? चौदाव्यापर्यंत?"

सूनबाईने हातातले कागद खाली ठेवले. तिने काकांना फोन लावला. गाणं आधी घ्या म्हणून विनवलं. काका म्हणाले, "आता क्रम हलला तर बिल्डर सभागृहाला दिलेल्या पंख्यांचे पैसे परत मागतील. तुम्ही भरभर वाचा म्हणजे झालं."

कार्यक्रमाच्या दिवशी रंगमंचामागच्या खोलीत सासूबाईंनी टॉवेल पांघरून वाफ घेतली. चेहरा लालबुंद, डोळे मुलीसारखे चमकत होते. बाहेर पाहुणे रंगमंचावर स्थानापन्न झाल्याचं सांगत काका आले. सासूबाई रंगमंचाच्या कडेच्या खुर्चीत बसल्या. मांडीवर थर्मास, हातात चमचा.

सूनबाई माईकपाशी गेली आणि वाचू लागली. रिनाउन्ड दंतवैद्य. त्यांच्या पदव्या, मग पदकं, मग परदेशातल्या ज्या शिबिराला ते जाऊन आले ते शिबिर. एस्टीम्ड संचालक. व्हिजनरी बिल्डर, ज्यांचे प्रकल्प काही केल्या पूर्ण होईनात. कागदावरसुद्धा. ती धापा टाकत वाचत होती आणि प्रत्येक पाहुणा अर्धवट उठून, नमस्कार करून, शेजाऱ्याची ओळख आपल्यापेक्षा लांब आहे का हे कान देऊन मोजत होता.

थर्मासवर टिक वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग खोकल्याची उबळ आली, सासूबाईंनी ती पदरात दाबली. त्यानंतरची टिकटिक इतकी हलकी होती, की आवाज चमच्याचा की काळजाचा, सूनबाईला कळेना.

हातात अजून अकरा पानं होती. अकराही पानांची पहिली ओळ एकच. ती ओळ तिने स्वतःच लिहिली होती, आणि आज पहिल्यांदाच तिने ती वाचली.

तिने पानं मिटली. माईकजवळ तोंड नेऊन स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "ऑल अवर डिग्निटरीज नीड नो इंट्रोडक्शन." आणि कडेला जाऊन तिने सासूबाईंना हाताला धरून माईकपाशी आणलं.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मग न्यायाधीशांनी टाळी वाजवली. ते वाक्य आपलंच हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी वाजवली म्हणून संचालकांनी वाजवली. मग कुणालाच गप्प बसता येईना. आपल्याला ओळखीची गरज आहे, असं उठून सांगणार कोण?

काका कडेने धावत आले. "बाई, अहो पुढची पानं!"

"गरज नाही असं सगळ्यांनी फोन करून कळवलंय, काका."

सासूबाईंनी माईक खाली ओढला. पाहुण्यांकडे न बघता दाराकडे बघत सुरू केलं:

*ऊन आलं दारामंदी, त्याला बसाया दे पाट,*
*नाव-गाव पुसू नको, चालून आलंय वाट.*

आवाज पहिल्यासारखा नव्हता. जुन्या पातळासारखा विरला होता, आरपार दिसत होता. पण धागा अखंड होता. मागच्या रांगेत सासूबाईंच्या शाळेतल्या, आता केस पिकलेल्या मुली होत्या. त्या ओठातल्या ओठात म्हणू लागल्या. दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीला गळा आवळला. सासूबाईंनी हट्ट केला नाही. उरलेली ओळ थर्मासच्या झाकणावर चमच्याने वाजवली, आणि मागच्या बायकांनी ती गाऊन पुरी केली.

चहाच्या वेळी दंतवैद्य सूनबाईजवळ आले. "आमचं सगळं वाचलंत, आभारी आहे. बिचारे बाकीचे! त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नव्हतंच ना काही?"

मागोमाग महिला मंडळाच्या अध्यक्ष आल्या. "बरं केलंत हो. त्या तिघांची ओळख करून द्यावी लागली, आमची नाही. कळलं सगळ्यांना काय ते."

काका मात्र कोपऱ्यात न वाचलेली पानं छातीशी धरून उभे होते. हळूच म्हणाले, "बाई, एवढी चांगली विशेषणं वाया गेली. आभारप्रदर्शनात घालू या का?"

सासूबाईंचा कप समोरच होता. चमचा दोनदा वाजला.