खाली म्हणजे खाली

पनवेलजवळच्या एका शाळेत सुनेत्राबाई दुसरीला संगीत शिकवायच्या. तासाची आखणी वहीत मिनिटामिनिटाची असायची आणि ती मोडली की बाईंचा पारा चढायचा.

त्या दिवशी त्रिताल होता. मुलं उभी होती. टाळीला टाळी वाजवायची आणि खालीला हात नुसता हवेत न्यायचा, एवढंच काम.

"टाळी, टाळी, खाली, टाळी," बाई म्हणाल्या. वीटभट्टीवरच्या वस्तीतून नवीन आलेली शुक्री 'खाली' ऐकताच मटकन जमिनीवर बसली. वर्ग खो खो हसला.

"ऊठ. बसलीस कशाला?" बाई खेकसल्या.

"तुमीच बोलल्या ना, खाली," उठत शुक्री म्हणाली.

पुढच्या फेरीला बाईंनी मुद्दामच 'खाली' हा शब्द गाळला. बाकीची मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली. शुक्री मात्र नेमक्या मात्रेवर खाली बसली.

बाईंनी वहीतली 'खालीला हात हवेत' ही ओळ खोडली. पुढच्या फेरीत खाली आली, तेव्हा गुडघा धरून त्याही जमिनीवर टेकल्या. आता उठवेना. शुक्रीने हात पुढे केला, तोही बरोबर टाळीवर.