बरोबरीत सुटलेला सामना

मित्रांनो, तिसगावच्या बाजारतळामागे एक मैदान होते. त्याच्या पूर्वेकडच्या गोलखांबांना जी बांधलेली असायची, ती मी, एक जुनी जाळी. नायलॉनची आहे आणि कधीकाळी पांढरीशुभ्र होते. आता माझा रंग कोणता म्हणावा हे मलाच सांगता येत नाही.

मला पुंजारामबाबांनी विणले. कोळपणीच्या वेळी बैलाने उभ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला जी जाळी बांधतात, तिला मुसकी म्हणतात. बाबांचा हात मुसक्या विणण्यात बसलेला होता. फुटबॉल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. पोरांनी येऊन गोलाला जाळी विणून मागितली, तेव्हा बाबांनी साधा प्रश्न केला, तोंड केवढे आहे? पोरांनी मैदानात नेऊन या खांबापासून त्या खांबापर्यंत माप दाखवले. बाबा ते बघून म्हणाले, एवढा बैल आपण जन्मात पाहिला नाही. तरी त्यांनी विणायला घेतले. त्यामुळे मला मुसकीसारखे चांगले खोलगट पोट आले. चेंडू आत शिरला की परत उसळून बाहेर जात नसे, पोटात येऊन बसायचा. दोर तेवढ्यातच संपला, म्हणून पश्चिमेच्या खांबांना कधी जाळी मिळालीच नाही. तिकडे गोल झाला की नाही यावर हमरीतुमरी व्हायची. माझ्याकडे वादाला जागा नव्हती, आणि याचा मला थोडा तोराही होता.

संघाचे गुरू काकासाहेब. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्या जुने पैलवान. तालमीला कुलूप लागले, पोरे चेंडूच्या मागे पळू लागली, तसे तात्याही काठी टेकत मैदानात येऊन बसू लागले. पोरांना पहाटे उठवणे, पळवणे, घाम काढणे हे त्यांच्याइतके कुणाला जमत नव्हते. खेळाचे नियम मात्र त्यांनी चालता चालता जेवढे कानावर पडले तेवढेच उचलले होते. बाकीचे सगळे ते आखाड्यातून आणत. पेनल्टीला ते डाव म्हणत आणि पंचाच्या पाया पडायला लावत.

अमृत त्यांचा पुतण्या. लहानपणी बाप गेला, तात्यांनीच वाढवले. माझ्या पोटात सगळ्यात जास्त चेंडू कुणी घातले असतील तर ते अमृतने. त्याची धाव लांबूनच ओळखू यायची. मित्रांनो, खरे सांगते, तो चेंडू घेऊन माझ्याकडे निघाला की माझी गाठ न् गाठ ताणून बसायची. चेंडू येऊन धडकला की अंगातून जो हेलकावा जायचा, त्यासाठीच मला विणले आहे असे वाटायचे. पोरे ओरडायची, कुणीतरी हलगी बडवायचे आणि गोलरक्षक सुनील, जो संघाचा कप्तानही होता, पलीकडच्या टोकावरून दोन्ही हात वर करून नाचायचा.

जिल्ह्याच्या लीगमध्ये तिसगावला घेतले तेव्हा गावाला फार अप्रूप वाटले. मैदानावर बाजार समितीचा डोळा होता, टेम्पो उभे करायला जागा हवी होती. पण गावाचा संघ लीगमध्ये आहे तोवर मैदानाला हात लावायचा नाही, असे ग्रामसभेत ठरले. शेवटच्या नंबरचा संघ बाहेर पडतो. म्हणजे आमच्यासाठी गोष्ट साधी होती. शेवटचे आलो की संघही गेला आणि मैदानही गेले.

सुरुवातीला आम्ही चढून खेळलो. मग शेवगावला जाऊन पोरे पाच गोल खाऊन आली. अमृत पुढे गेला होता, मागे मोकळे रान पडले होते. तात्यांना ते फार लागले. त्या दिवसापासून त्यांनी सगळ्यांना मागे ओढले. पुढचे सामने शून्य-शून्य होत गेले. तात्या खूश असायचे. पाठ टेकली नाही यातच त्यांना सगळे आले. माझ्याकडे मात्र चेंडू येईनासा झाला. माझ्यात कोळ्यांनी घरे केली आणि ती कुणी मोडली नाहीत.

दसरा झाला आणि आमच्या भागातली माणसे ऊसतोडीला निघू लागली. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. अमृतचे वैशाखात लग्न झाले होते, त्यामुळे तो आणि आरती मिळून या वर्षी त्यांचाही कोयता झाला होता. संघातली निम्मी पोरे आधीच गेली होती. शेवटचा सामना शेवगावशी, आमच्याच मैदानावर, आणि त्याच संध्याकाळी अमृतचा ट्रक सुटणार होता. तळाला आम्ही होतो. सुप्याच्या कामगारांचा संघ आमच्यापेक्षा एका गुणाने पुढे राहून आपले सामने संपवून बसला होता. आम्ही बरोबरी केली तर त्यांच्याइतके होणार, जिंकलो तर त्यांच्या पुढे जाणार.

आदल्या संध्याकाळी पोरे माझ्यासमोर धुळीत बसली. अमृत म्हणत होता, चढून खेळू. शेवगावला आता काही मिळवायचेही नाही आणि गमवायचेही नाही, ते जीव तोडून खेळणार नाहीत. तात्यांचे म्हणणे वेगळे. बदली खेळाडू एकही नाही, सुनीलचा गुडघा सुजलेला, पोरे बाजरीची काढणी करून दमलेली. अशा वेळी पुढे धावायचे म्हणजे घर उघडे टाकून जत्रेला जायचे. दोघांचेही खरे होते, मित्रांनो. मी कुणाच्या बाजूने होते ते तुम्हाला कळलेच असेल, पण मला विचारतो कोण?

अमृतने शेवटी हळूच सांगितले, "तात्या, गुण सारखे झाले तर गोल मोजत्यात म्हनं. केले किती आन खाल्ले किती."

"बरोबरी झाल्यावर परत काय मोजायचं?" तात्या म्हणाले. "बरोबरीत सुटली म्हंजी दोघांचा मान राहिला. आजवर आसंच हाय."

आखाड्यात तसेच आहे. दोन्ही पैलवान तुल्यबळ निघाले, कुस्ती लांबली, की पंच मध्ये पडून ती सोडवतात. दोघांचे हात वर करतात, दोघांनाही फेटा बांधतात. कुणी खाली नाही, कुणी बाहेर नाही. तात्यांनी आयुष्यभर हेच पाहिले होते. त्यांनी अमृतकडून शब्द घेतला, आपण थांब म्हणालो की थांबायचे. अमृतने मान हलवली. घरात तात्यांच्या शब्दापुढे तो कधी गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाव लोटला. पूर्वार्धात माझ्यापुढे सुनील उभा होता. लंगडत लंगडत त्याने तीन-चार चेंडू अडवले. एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. उत्तरार्धात बाजू बदलली आणि माझ्यापुढे शेवगावचा गोलरक्षक आला. शेवगावची पोरे खरोखरच सैल खेळत होती. अमृतने ते ओळखले होते, पण तात्यांच्या काठीने आखलेल्या रेषेच्या पुढे तो येत नव्हता. सामना रखडत शेवटाला आला.

आणि तेवढ्यात शेवगावच्या एकाने आळसात चेंडू आडवा दिला. तो अमृतच्या पायात पडला. पुढे रान मोकळे होते. तो निघाला आणि मी ती धाव ओळखली. एक आडवा आला, त्याला त्याने चकवले. गोलरक्षक पुढे येता येता मातीवर घसरून बसला. समोर आता फक्त मी होते. अमृतची नजर माझ्यावर होती आणि माझ्या पोटाचा खोलगटपणा त्याला पाठ होता.

त्याच वेळी कडेवरून तात्यांचा आवाज आला, "बास! सुटली!"

दोन्ही हात वर करून ते मैदानात शिरले होते, आखाड्यात पंच शिरतात तसे. अमृतने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग चेंडूवर पाय ठेवला आणि तो मागे वळवून दिला. पंचाने तात्यांना बाहेर काढले, थोडा वेळ चेंडू इकडून तिकडे फिरला आणि शिट्टी वाजली.

हलगी वाजू लागली. तात्यांनी दोन फेटे आणून ठेवले होते. एक सुनीलला, एक शेवगावच्या कप्तानाला. शेवगावची पोरे एकमेकांकडे बघून हसत होती, तरी त्यांनी बांधून घेतला. गुलाल उधळला, तो माझ्याही अंगावर आला. पंच गर्दी सरण्याची वाट बघत उभे होते. मग त्यांनी तात्यांना बाजूला घेऊन समजावले. गुण सारखे, पण गोलांच्या फरकात सुप्याचा संघ वर. तिसगाव शेवटचे.

तात्यांना पहिल्यांदा कळलेच नाही. सामना बरोबरीत सुटला ना, असे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. सुटला, पंच म्हणाले, पण तुम्ही बाहेर. हलगीवाल्याला कुणी सांगितले नव्हते, तो वाजवत होता. सुनीलने फेटा काढून हातात घेतला.

लोक पांगले. तात्या माझ्या खांबाला धरून उभे राहिले आणि अमृत त्यांच्याजवळ आला.

"तू मला म्हनला हुतास, गोल मोजत्यात म्हनून?"

"म्हनलो हुतो."

"मंग मारला का न्हाईस?"

अमृतने खाली पाहिले. "तुमी हात वर केले, तात्या."

रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजत होता आणि आरती गाठोडी चढवून वर बसली होती. अमृतने तात्यांच्या पायाला हात लावला, मळलेले बूट तसेच पायात ठेवून तो पळत गेला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. त्याला माझ्याकडे बघणे जड गेले असणार, असे मी समजते.

दिवाळीनंतर खांब उपटले. आता मैदानात टेम्पो उभे असतात. मला एका टेम्पोवाल्याने नेले. कडब्याच्या पेंढ्यांवर तो मला आवळून बांधतो. कुठे वीण सुटली आहे, कुठे तारेने जोडले आहे. पुंजारामबाबांनी परवा बाजारात मला पाहिले. जवळ येऊन एक गाठ चाचपली आणि गेले.

तात्या अजून संध्याकाळी तिथे येतात. टेम्पोंच्या मध्ये उभे राहतात. एका संध्याकाळी मीही तिथेच, टेम्पोतल्या कडब्यावर होते. त्यांचा मोबाईल वाजला. कुठल्याशा उसाच्या फडातून अमृत बोलत होता. उसाचे विचारून झाले, आरतीचे विचारून झाले. मग त्याने मैदानाचे विचारले असावे.

"हाय की," तात्या म्हणाले. "हाय. तू ये तर खरं."

फोन ठेवून ते टेम्पोंमधून वाट काढत निघून गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा, आपटू नका, फाडू नका. माझे मागणे उलटे आहे. तुमच्या गावात कुठे जाळी बांधलेली असेल तर तिला जपू नका. चेंडू पायात आला आणि ती समोर दिसली, तर कडेला कोण हात वर करून उभे आहे ते बघू नका. नंतर फार तर बोलणी बसतील. मारा. चुकला तर चुकू द्या, जाळी फाटली तर शिवून घेता येईल. अमृत चैत्रात परत येईल. मोठ्यांचे ऐकणाऱ्या त्या गुणी पोराने त्या संध्याकाळी एकदाच ऐकले नसते, तर मैदान उरले नाही हे तात्यांना त्याच्यापासून लपवून ठेवावे लागले नसते.