कोपराची खळी

माझा नवरा गाड्यांचे पोचे काढतो. पोचा दिसला की ओढायचा, एवढंच त्याच्या हातांना कळतं. आमची लेक, लाडाची खारूताई, दुमजली पलंगावरून पडली, कोपराच्या पुढची कातडी आत ओढली जाऊन तिथे खळी पडली. मी बर्फ घेऊन येईपर्यंत या शहाण्याने तिचा हात धरून खेचलासुद्धा.

दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "अशी खळी असली की हाड बहुतेक वेळा स्नायूत घुसलेलं असतं," त्या म्हणाल्या. "बाहेरून ओढून बसेल की ऑपरेशन करून उघडावंच लागेल, याचा अंदाज आधी बांधलेला बरा. पडल्यावर कुणी हात ओढला, चोळला?"

"छे हो," नवरा म्हणाला. "बोटसुद्धा लावलं नाही."

मला काहीच वाटत नव्हतं. राग नाही, भीती नाही, सगळं अंग बधिर. टेबलाच्या कडेची पट्टी उचकटली होती, ती मी दाबत बसले.

"मग आधी बाहेरून ओढून बघू," म्हणत त्या उठल्या.

"यांनी ओढलाय," मी कशी बोलले कुणास ठाऊक. "त्याआधी तिचा अंगठा वाकत होता, मी बघितलं होतं. ओढल्यावर वाकेना."

डॉक्टरीणबाई परत खाली बसल्या. "म्हणजे नस हाडात अडकली असणार. आता ओढायचं नाही. सरळ उघडायचं."

बाहेर बाकावर नवरा म्हणाला, "तोंडघशी पाडलंस मला."

"पाडलं," मी म्हणाले. एरवी भांडणात मी कुणाला हार जात नाही, पण तोंडात जोरच नव्हता.

ऑपरेशन आटोपून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नस हाडांच्या फटीत चिमटली होती, पण तुटली नव्हती. "पुन्हा ओढलं असतं तर गेली होती. अंगठा वाकेल, पण कधी ते आत्ता सांगता येणार नाही."

नवरा हमसून रडायला लागला. मी नुसती मान हलवली.

शुद्धीवर आल्यावर खारूताईने आधी बापालाच शोधलं. "बाबा," ती जड जिभेने म्हणाली, "तू ओढलास तेव्हा खूप दुखलं. पण तू घाबरशील ना, म्हणून मी ओरडलेच नाही."

त्याचं रडणं थांबलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला तेव्हा कुठे रडू आलं.