खाडीकडे तोंड करून बांधलेली अँटेना

मित्रांनो, मान जरा वर करा. बोर्ली पंचतनच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या आमच्या गावात, मनुबाईच्या स्लॅबवर एका पाइपाला जखडलेली अँटेना दिसते ना, तीच मी. टीव्हीची जुनी अँटेना. कावळ्यांनी बसून बसून माझ्या काड्या वाकवल्या, पण माझा तोरा काही उतरला नाही हो!

मनुबाईच्या नवऱ्याने, रघूने, मला बोर्लीच्या बाजारातून आणलं. खरं तर तो आखूड अँटेना उचलत होता. दुकानदार म्हणाला, "डोंगरातलं गाव ना तुमचं? मग ही लांब, जास्त काड्यांची घ्या. आखूड तिथं काय कामाची न्हाय." अशी माझी निवड झाली. एसटीत माझ्या काड्या कोणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून रघू मला घेऊन दारातच उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने माझं तोंड मुंबईकडे केलं. कार्यक्रम मुंबईहून येतात, म्हणजे तोंडही तिकडेच हवं, असं अख्खं गाव धरून चाललं होतं. मधे एवढा मोठा डोंगर उभा आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही! रघू वरून ओरडायचा, "आलं का चित्र?" खालून मनुबाई म्हणायची, "न्हाय हो, मुंग्याच हायत!" मग एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. त्याने मला गर्रकन खाडीकडे फिरवलं आणि खाली चित्र लख्ख! पलीकडच्या डोंगरावर आपटून येणारं चित्र मला सापडलं होतं. मनुबाई अंगणात धावत आली. "आलं, आलं! माणसांची तोंडं दिसतात!"

रघूने मला तारेने करकचून आवळलं. पाइपाच्या बुडाशी स्लॅब फोडून सिमेंट भरलं आणि बजावलं, "आता हिला कोणी हात लावायचा न्हाय." मग काय विचारता! रविवारी आमची पडवी माणसांनी भरून जायची. मान अवघडायची माझी, पण कौतुक गोड लागायचं.

पुढे घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या. माझी वायर कापली गेली. काही वर्षांनी रघूही गेला. मी मात्र तिथेच. ना वळता येतं, ना धड पडता येतं.

त्या सिमेंटला आता तडा गेलाय. दर पावसाळ्यात त्यातून पाणी ठिबकतं ते थेट मनुबाईच्या खाटेवर. भिंतीला बुरशी आली. तिचा खोकला मला वर ऐकू येतो आणि जीव नुसता तुटतो.

तिचा मुलगा निकेश पनवेलला असतो. गणपतीला आला तेव्हा तो पान्हा घेऊनच वर चढला. "आई, ही काढतो, भोक बुजवतो आणि वर पत्रे टाकतो."

"तुज्या बाबांनी बांधलीय ती. मी हाय तवर न्हाय निघायची."

"अगं, बाबा असते तर त्यांनीच आधी उपटली असती! तू किती खोकतेस बघ."

मनुबाईने डोळ्यांना पदर लावला. निकेश पान्हा खिशात घालून खाली उतरला. मला ओरडावंसं वाटलं, ऐक ना गं त्याचं! पण जन्मभर मी दुसऱ्यांचेच आवाज आणले, माझा स्वतःचा आवाज नाहीच.

यंदा तिने खाट चुलीपाशी नेली. जिथे रघू आणि ती निजायची, त्या खोलीत आता माझ्या पाण्याची बादली असते. गुडघ्यावर हात ठेवून ती उठते, बादली ओतते, पुन्हा लावते. आणि वर बघून मला हात जोडते!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी स्वतः वस्तू आहे, तरी सांगते, आधी माणूस जपा. रघूने मला बांधलं ते मनुबाईला सुख व्हावं म्हणून, तिला भिजवायला नव्हे. कधी आमच्या गावात आलात तर तिच्यापाशी घटकाभर बसा, तिची समजूत काढा. मला उतरवा हो. म्हातारीला तिच्या खोलीत कोरडी निजू द्या.