खंडेनवमीची फ्लॉपी

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. आत घातलेली फ्लॉपी खरखरली, एक ओळ उमटली: डिस्क वाचता येत नाही. फ्लॉपी काढून पुन्हा सुरू केला, तर म्हणे आत सिस्टीमच नाही. इंदापूर तालुक्यातल्या मेंढ्यांच्या चाऱ्यावरचा माझा अख्खा प्रबंध त्या पिटुकल्या यंत्रात होता, आणि दुसरी प्रत या शहाणीनं आज करू, उद्या करू म्हणत केलीच नव्हती.

मागं उंबऱ्यात सासूबाई उभ्या होत्या. सिंधुबाई. आमच्या निरवांगीत सासूला आत्या म्हणतात. माझ्या लग्नाआधीच मामंजी गेले, तेव्हापासून आत्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. यंदा खंडेनवमीला मीच हट्टाला पेटले, हत्यारांची पूजा तुम्हीच करायची. विळा, कुऱ्हाड, जनावरांचा डॉक्टर असलेल्या माझ्या नवऱ्याचं, मल्हारचं सामान, माझा लॅपटॉप आणि त्याची फ्लॉपी, सगळ्यांना त्यांनी बोटानं कुंकू लावलं होतं.

"बंद पडलं व्हय गं, योगिनी?" त्या म्हणाल्या. "माझा हात लागाय नगं हुता."

तसं काही नसतं म्हणाले खरी, पण आवाजात जोर नव्हता, आणि त्यांनी ते ओळखलं. दुपारी त्या जेवल्या नाहीत. करंडा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. आता यंत्र मेलेलं निघालं तर तो पुन्हा कधीच खाली येणार नव्हता. मला प्रबंधापेक्षा त्याचीच धास्ती वाटायला लागली.

मग जरा डोकं चालवलं. लॅपटॉप चालवणारी माझी लिनक्स ही सिस्टीम आधीपासून फ्लॉपीवरूनच सुरू व्हायची. आतल्या डिस्कला एकटीनं उठता येतच नव्हतं. म्हणजे बिघडली होती ती फ्लॉपी. उजेडात धरून पाहिली. कुंकू पसरलेलं, पण मधे बोटभर लांब जागा कोरी. गाईनं गिळलेल्या तारा आणि खिळे पोटात धरून ठेवायला मल्हार तिला लोहचुंबक गिळायला देतो, तो एवढाच असतो. विचारलं तर म्हणाला, पूजेच्या पाटावर घरंगळत होता म्हणून फ्लॉपीवर ठेवला, तिच्या पत्र्याला बरा चिकटून बसला. चुंबकानं फ्लॉपी कोरी होते, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. पण लॅपटॉपही तिथंच शेजारी होता. आतली डिस्कही गेली असेल तर?

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन एसटीनं बारामतीला गेले. कॉलेजातल्या जोतीराम सरांनी तशीच दुसरी फ्लॉपी करून दिली. इथंच लावून बघा म्हणाले. मी नको म्हटलं. तिथं सुरू झाला असता, तर आत्या म्हणाल्या असत्या, दुसऱ्याच्या हातानं झाला.

घरी येऊन करंडा माळ्यावरून काढला आणि आत्यांपुढं ठेवला.

"आधी कुंकू लावा."

"आन् न्हाय चाललं तर?"

"तर चुंबकानं खाल्लं. तुमच्या हातानं न्हाय."

त्यांनी कुंकू लावलं. मी बटण दाबलं. खरखर झाली, मग पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि मधेच थांबल्या. यंत्र आतली डिस्क तपासत होतं. आत्यांनी माझा दंड घट्ट धरला. मग ओळी पुन्हा हलल्या. मी प्रबंध उघडला.

"तुझंच हाय न्हवं हे?" आत्यांना वाचता येत नव्हतं.

"व्हय. सगळं हाय."

त्यांनी माझा दंड सोडला. मग बोटाला उरलेलं कुंकू त्यांनी माझ्या कपाळाला लावलं. लग्न होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदाच.