तोकुजींच्या चवीचा पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे. पाणी किंवा चहा माझ्यात कधी कुणी ओतला नाही. माझं पोट रुंद आणि तोंड अरुंद आहे, म्हणजे वास आत कोंडून राहतो. ओतारू गावच्या एका कारागिराने मला घडवलं ते फक्त चव घेण्यासाठी. तोनो गावच्या मिनेकोबाई मला घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या छोट्याशा कारखान्यात पहिली काळी बिअर मुरत होती.

ती बिअर जहाल होती. दोन घोटांत कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. भाजून काळी केलेली बार्ली, गावातल्याच हॉप्स वेलींची कडू फुलं आणि पुरतं एक वर्ष पिंपात. बनवायच्या मिनेकोबाई; पण ती कशी झाली हे सांगायचे त्यांचे थोरले भाऊ तोकुजी. ते हॉप्सच्या वेली लावत. वेलींच्या चिकाने त्यांची बोटं पिवळट झालेली असत आणि मला त्या बोटांची सवय झाली होती.

दर हिवाळ्यात पिंप उघडलं की तोकुजी मला उजेडात धरायचे, बराच वेळ हुंगायचे आणि एक घोट तोंडात घोळवायचे. मग डोळे मिटून सांगायचे आणि मिनेकोबाई वहीत लिहायच्या. आधी भाताची करपलेली खरवड. मग वाळवलेलं गोड काकीफळ. मग ओल्या लाकडाचा धूर. आणि घोट उतरल्यावर, जिभेच्या मुळाशी, कडूपणा. तो उशिरा येतो पण बसून राहतो, असं ते म्हणत. मिनेकोबाईंनी हेच शब्द बाटलीच्या कागदावर छापले. लोक वाचून पीत आणि तेच बोलत. एका वर्षी तोकुजींनी पहिल्याच घोटाला विचारलं, पाणी बदललंस का? मिनेकोबाईंनी खरंच दुसऱ्या झऱ्याचं पाणी घेतलं होतं.

नाव झालं. सेंदाई शहरातल्या एका बड्या दुकानाची मागणी आली आणि त्या वर्षी मिनेकोबाईंनी वर्ष पुरं होऊ न देता आठव्या महिन्यातच पिंपं रिकामी केली. हॉप्सची काढणी संपल्यावर त्यांनी पाहुणे बोलावले. दुकानाची माणसं होती, एका मासिकाची बाई होती. पहिला घोट नेहमीप्रमाणे तोकुजींचा.

त्यांनी तो घेतला आणि मला खाली ठेवलं.

"कच्ची आहे," ते म्हणाले. "दारू नाकात घुसते. कडूपणा खरवडतो, बसत नाही. मिने, हिला अजून झोपू दे."

मिनेकोबाईंचे गाल तापले. त्या हसून पाहुण्यांना म्हणाल्या, "दादाच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. जीभ म्हातारी झाली आता त्याची."

पाहुणे मोकळे होऊन हसले. तोकुजींनी उरलेली बिअर संपवली, मला स्वतः विसळलं, पुसलं, पालथं घातलं आणि ते निघून गेले.

बाटल्या दुकानात गेल्या. महिनाभरात कच्ची बिअर आतच आंबत राहून त्या उघडताच फसफसून वाहू लागल्या, काही तर फळीवरच फुटल्या. खोके परत आले. मिनेकोबाई तीन दिवस नाल्याशी उभं राहून बाटल्या ओतत होत्या. मी वरच्या फळीवर होतो. तोकुजी दहा मिनिटांच्या वाटेवर राहत होते. पण बाई गेल्या नाहीत, आणि तेही आले नाहीत. दोन हिवाळे माझ्यावर धूळ बसली.

तिसऱ्या हिवाळ्यात पुरतं वर्ष मुरलेली बिअर निघाली. मिनेकोबाईंनी मला धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि बाटली घेऊन त्या भावाच्या दारी गेल्या.

यासुएवहिनींनी दार उघडलं. त्यांच्याकडून कळलं की गेल्या वर्षी तोकुजींच्या तोंडात गाठ निघाली. मोरिओकाच्या इस्पितळात उपचार झाले. गाठ गेली, चवही गेली. मला का नाही कळवलं, असं बाईंनी विचारलं. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "नको म्हणाले. मिनेचं बोलणं खरं निघालं, तिला आणखी काय सांगायचं, असं म्हणाले."

तोकुजी आत खालून शेक देणाऱ्या बुटक्या टेबलापाशी बसले होते, मान बारीक झालेली. त्यांनी मला उजेडात धरलं. बोटं आता स्वच्छ होती. घोट घेतला, घोळवला आणि मला बहिणीपुढे सरकवलं.

"मला गरम-गार एवढंच कळतं," ते म्हणाले. "तू सांग."

मिनेकोबाई प्यायल्या. खरवड, काकीफळ, ओल्या लाकडाचा धूर, असं त्यांनी सांगितलं.

"हे माझं आहे. बाटलीवरचं. हिच्याबद्दल सांग."

बाई पुन्हा प्यायल्या.

"कडू आहे, दादा."

"कुठे?"

त्यांना सांगता येईना. इतकी वर्षं त्यांनी लिहून घेतलं होतं. स्वतः चाखून शब्द कधी शोधलेच नव्हते. तोकुजी म्हणाले, सावकाश, घाई नाही, पुन्हा पी. त्या प्यायल्या आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काठावरून आत पडलं.

एप्रिलमध्ये, वेलींना दोर बांधायच्या दिवसांत, तोकुजी गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेल्याला लोक मऊ कापडाने पुसतात, काठाला टवका उडू नये म्हणून जपतात. मी फुटलो तर ओतारूला दुसरा मिळेल. तुमच्या घरात तोंडावर कडू बोलणारं कुणी असेल, तर त्याला चारचौघांत हसू नका. तो बोलतो आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि त्याला जे कळतं ते शिकून घ्या.

मिनेकोबाई हल्ली दर पिंपाची चव स्वतः घेतात. समोर वही उघडी असते. बऱ्याचदा त्या "कडू" एवढंच लिहितात, पेन्सिल हातात धरून बसून राहतात, आणि माझ्यातली बिअर तशीच कोमट होते.