डावीकडची सीट

"डावीकडे सायकल आहे," ईपन पुटपुटला. "सायकल. मासेवाल्याची."

"डोळे आहेत मला," अच्चाम्मा म्हणाली.

मासेवाल्याची पेटी खिडकीच्या काचेला घासता घासता राहिली. त्याने मागून तिच्या माहेराचा उद्धार केला तो गाडीतल्या चौघांनीही ऐकला, आणि चौघांनीही न ऐकल्यासारखं केलं. ईपनने पायाखालची रबरी चटई दाबून धरली होती. नवरा डावीकडच्या सीटवर बसला की त्याचा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा. असलेला ब्रेक आयुष्यात कधी दाबला नाही, आणि हा थाट.

पाटबंधारे खात्यात असताना ईपनला जीप होती, आणि जीपला चालक होता. "ज्याला माणूस दिलाय त्याने स्टिअरिंगला हात लावायचा नसतो," असं तो तेव्हा म्हणायचा. निवृत्त झाला, जीप गेली, माणूस गेला, तत्त्व मात्र घरी घेऊन आला. साठीला आलेला हा माणूस गाडीचं दार धरून असा उभा राहायचा की अनोळखी लोक येऊन त्याच्यासाठी दार उघडायचे. अच्चाम्माने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा.

मागच्या सीटवर धाकटा दीर कोशी. तो निदान लायसन्सच्या परीक्षेपर्यंत पोचला होता. मैदानात खांब रोवून आखलेल्या 'एच'मधून गाडी मागे घ्यायची असते. सगळ्या केरळातली अठरा-एकोणीस वर्षांची पोरंपोरी ती घेतात, आणि खाली उतरून चहा पितात. कोशीने पहिल्यांदा एक खांब पाडला, दुसऱ्यांदा तीन, आणि तिसऱ्यांदा साहेबांनी हातानेच खूण केली की उतरा. तेव्हापासून कोशीचं म्हणणं असं की खांबांमधलं अंतर त्या साहेबांनी मुद्दाम कमी केलं होतं, कारण साहेब दुसऱ्या पक्षाचे. इतकी वर्षं झाली, सरकारं आली नि गेली, खांब काही कोशीसाठी सरकले नाहीत.

आणि कोशीशेजारी त्याची बायको राहेल. हिला पेट्रोलचा वास सहन होत नाही. कुणी दुसरा चालवत असेल तर मात्र अजिबात येत नाही तो वास.

अच्चाम्मा मस्कतला नर्स होती. ओमानची परीक्षा भल्याभल्यांना रडवते. ती रात्रपाळी करून, उन्हात, एका मिशाळ पठाणाचा ओरडा खात गाडी शिकली होती आणि पास झाली होती. म्हणून या घराची सगळी जाणी-येणी तिच्या हातात होती. रविवारची चर्चमधली कुर्बाना, लग्नं, मयतं, कोशीचे दात, राहेलची माहेरची माणसं. तिघं मोठी माणसं कपडे करून, केस विंचरून अंगणात उभी राहायची, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलांसारखी. ती किल्ली घेऊन बाहेर आली की तिला दर वेळी तीच गोष्ट वाटायची: शी. आणि त्या 'शी'नंतर जरा बरंही वाटायचं.

आता प्रश्न एवढाच होता की हे कुठवर.

गेल्या पावसाळ्यात ती एकटीच तिरुवल्लाला जाऊन आली होती. घरी सांगितलं, करीमीन मासे आणायला चालले. डोळ्यांच्या तरुण डॉक्टरणीने यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, दिवे चमकवले, आणि शेवटी खुर्ची जवळ ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची कधी जवळ ओढतात ते अच्चाम्माला कुणी सांगायची गरज नव्हती. काचबिंदू. समोरचं सगळं लख्ख, पण डाव्या बाजूचं जग जवळजवळ गेलेलं, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घाला, उरलेलं टिकेल. "आणि आँटी, गाडी?" "नाही हो, आमच्याकडे मिस्टर चालवतात," अच्चाम्मा म्हणाली. ते वाक्य इतकं सहज निघालं की तिला स्वतःलाच हसू आलं. मग ती खाली आली, गाडीत बसली, मासे घेतले आणि घरी आली.

थेंबांची बाटली तांदळाच्या डब्यामागे होती. किल्ली तिच्या कमरेला. किल्ली एकदा ठेवली की तीही अंगणातली चौथी होणार होती. केस विंचरून, पर्स पोटाशी धरून, कुणीतरी नेईल म्हणून उभी. त्यापेक्षा मान जरा डावीकडे जास्त वळवायची. तेवढंच तर.

घरच्यांना काही कळण्याची भीती नव्हती. कळायला लक्ष लागतं. यांचं लक्ष भलत्याच गोष्टींत. ख्रिसमसच्या सुमाराला फाटकाचा डावा खांब गाडीला घासला, तर ईपनने खांबालाच दोष दिला आणि गवंडी बोलावून तो हातभर मागे घेतला. मग पोर्चच्या डावीकडच्या अँथुरियमच्या कुंड्या, ऊन लागतं म्हणे, त्या उचलून विहिरीकडे नेल्या. कोशीने उताराच्या वळणावरच्या फणसाला चुना फासला, वाळवीसाठी. राहेलने धुण्याची दोरी पलीकडे बांधली. रिकामपण म्हणतात ते हेच, अच्चाम्माला वाटायचं. गाडी शिकायला वेळ नाही, फणस रंगवायला आहे.

आज राहेलच्या माहेरच्या चर्चचा पेरुन्नाळ, म्हणजे वर्षाची जत्राच. उजेडात पोचायचं म्हणून अच्चाम्मा चारपासून तयार होती. राहेल साडीच्या निऱ्या घालत बसली. आता सूर्य रबराच्या झाडांच्या बुंध्यांमधून आडवा येत होता.

"बस उभी आहे पुढे, डावीकडे," ईपन म्हणाला. "लोक उतरतायत."

"दिसतंय."

"ओढा आहे. कठडा नाही त्याला."

"अच्चाया, एवढं येतं तर तुम्हीच चालवा ना. या इकडे. मी बसते तुमच्या जागी आणि चालवते शेंगा सोलत टकळी."

मागे कोशी मोठ्या भावाच्या बाजूने खाकरला. "अच्चायनला बोलू दे ना, चेडत्ती. तेवढाच विरंगुळा."

"तू 'एच' काढून दाखव, मग मला शिकव."

कोशीला गप्प करायला हे एक अक्षर पुरायचं.

"बकरी," ईपन म्हणाला.

अच्चाम्माने गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध, शांतपणे, गिअर काढून.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "आयुष्यभर हमालासारखी ओढतेय मी तुम्हाला. एक जण वास घेत बसते, एक जण खांब मोजत बसतो, आणि तुम्ही, तुम्ही तर बसल्या जागी मुकादम. यापुढे एक शब्द आला तोंडातून, तर इथे उतरायचं आणि चालत जायचं. तिघांनीही."

ईपनने हात मांडीवर ठेवले. गाडी निघाली.

चर्च जवळ आलं तसा चेंडा-ढोलांचा आवाज ऐकू यायला लागला. मिरवणूक निघाली होती. पुढे रुपेरी क्रूस, मग बँड, मग रस्त्याच्या डाव्या कडेने बायकांची लांबलचक रांग, प्रत्येकीच्या हातात झालरीची रेशमी छत्री. उजवी बाजू गाड्यांसाठी मोकळी ठेवलेली. अच्चाम्माला समोरचा क्रूस दिसला, बँडवाल्यांच्या टोप्या दिसल्या. गाडीत भलतीच शांतता होती. इतकी, की तिला एकदम एकटं वाटलं, ओळखीच्या रस्त्यावर कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखं. बोला की काहीतरी, असं तिच्या मनात आलं, आणि मनातच राहिलं.

ईपनचा हात स्टिअरिंगवर आला तेव्हा उशीर झाला होता. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. मग बायकांचा कालवा.

कुणाला लागलं नव्हतं. डावा आरसा मुडपून आत आला होता आणि त्याला सोनेरी झालरीची वीतभर पट्टी लोंबत होती. छत्रीवाली, एक जाडजूड पन्नाशीची बाई, मोडलेली दांडी हातात धरून खिडकीशी आली. तिचा राग अजून वर यायचा होता, सध्या नुसतं नवल होतं.

"चेची," ती म्हणाली, "एवढी लालभडक छत्री. बैलगाडीच्या चाकाएवढी. दिसली नाही तुम्हाला?"

अच्चाम्मा नवऱ्याकडे वळली. "बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस..."

"म्हणून गप्प बसायचं? माणसं चिरडली असती तरी?"

"सूर्य अगदी समोर होता हो," कोशी मागून घाईने त्या बाईला म्हणाला. "या वेळेला या वळणावर कुणालाच काही दिसत नाही."

"आणि छत्रीच जरा बाहेर आली," राहेल म्हणाली. "वाऱ्याने. मी बघितलं ना."

"रस्ताच अरुंद केलाय पंचायतीने," कोशी म्हणाला.

अच्चाम्मा ऐकत होती. हा सूर तिला पाठ होता. साहेबांनी सरकवलेले खांब, पेट्रोलचा वास, जीपचं तत्त्व. तेच लुळेपांगळे बहाणे, त्याच निर्लज्ज सहजतेने, आणि या वेळी तिच्यासाठी. तिला हातभर मागे गेलेला फाटकाचा खांब आठवला. चुना फासलेला फणस. फणसाला वाळवी नव्हतीच कधी.

"पुरे रे," ईपन म्हणाला. भावाला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही. त्याने पट्टा सोडला, हात लांबवून गाडीची किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. मग त्या छत्रीवालीसमोर, थांबलेल्या मिरवणुकीसमोर, बायकोकडे बघून तो म्हणाला,

"हिला डावीकडचं दिसत नाही. ख्रिसमसपासून आम्हाला माहीत आहे. आणि गाडी शिकायची हिंमत आमच्यात एकाचीही नव्हती, म्हणून आम्ही बोललो नाही."